शेजारी नववीचा एक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू कंपनीत इतकी वर्षं काढलीस, तर मनुष्यबळ नियोजनावर बोल. धंद्याचं उद्दिष्ट आणि माणसं यांचा मेळ कसा घालतात ते सांग." मी म्हटलं, "अरे, मी सॉफ्टवेअरवाली, एचआरवाली नाही." त्यावर उत्तर आलं, "काही बोललीस तरी पाच मिनिटांत शाळेच्या आठवणींवर येशीलच." म्हणून मी सुरुवातच तिथून करते.

आपल्या गणिताच्या बाईंकडे स्नेहसंमेलनाची जबाबदारी असायची. पडदा, दिवे, माइक ही कामं दहावीची मुलं करायची, पण बाईंचा एक नियम होता. काम करणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी नववीचा एक उभा राहिलाच पाहिजे. पडद्याची दोरी माझ्याकडे होती आणि शेजारी नववीतली एक मुलगी सारखे प्रश्न विचारायची. मी वैतागून बाईंना म्हटलं, "बाई, मला एकटीला जमतं." बाई म्हणाल्या, "तुला जमतं गं. पण पुढच्या डिसेंबरात तू कुठे असशील?"

माझं आजचं भाषण खरं तर या एका वाक्यात संपतं. पण मला पंधरा मिनिटं दिली आहेत, त्यामुळे तुम्हाला ऐकावं लागेल.

कंपनी दरवर्षी ठरवते, पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्याला कुठे जायचंय. नवा देश, नवं उत्पादन, नवा ग्राहक. त्याच बैठकीत आणखी चार प्रश्न विचारायला हवेत. त्यासाठी कोणती कामं येणारी किती माणसं लागतील? आज आपल्याकडे कोण आहेत? त्यातली तोपर्यंत किती उरतील? आणि जी कमी पडतील ती शिकवून तयार करायची, बाहेरून घ्यायची की काही महिन्यांसाठी कंत्राटावर आणायची? मनुष्यबळ नियोजन म्हणतात ते हेच.

मग अडतं कुठे? हे प्रश्न त्याच बैठकीत विचारले जात नाहीत, तिथे अडतं. आधी उद्दिष्ट ठरतं, मग पैसा, मग यंत्रं आणि शेवटी एचआरला मेल जातो, 'पुढच्या महिन्यात वीस माणसं द्या.' आज सर्व्हर लागला तर क्लाउडवर दहा मिनिटांत मिळतो. माणूस तसा मिळत नाही. आमच्याकडे अनुभवी माणसाचा नोटिस पिरियडच बहुधा तीन महिन्यांचा. कॅम्पसमधून मुलं घ्यायची तर त्यांना शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच ऑफर द्यावी लागते, म्हणजे ती कामाला लागेपर्यंत वर्ष उलटतं. आणि एखादी जुनी प्रणाली आतून समजायला दोन वर्षं सहज जातात. ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. ही माझी स्वतःची चूक आहे, आणि तुमच्यासमोर सांगायला संकोच वाटत नाही, कारण माझ्या गृहपाठाच्या वह्या तुम्ही पाहिलेल्या आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका विमा कंपनीचा प्रोजेक्ट होता. त्यातला हप्त्यांच्या हिशेबाचा भाग कोबोल या जुन्या भाषेत लिहिलेला. तो पूर्णपणे कळणारा आमच्यात एकच माणूस, आमचे एक ज्येष्ठ सहकारी. त्यांच्या निवृत्तीची तारीख त्यांच्या फाइलवर लिहिलेली होती. त्यात अचानक काहीच नव्हतं. त्या वर्षीच्या बजेटमध्ये मी आधी लिहिलं होतं, दोन ज्युनिअर वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकतील. मग खर्च कमी करा असं वरून सांगण्यात आलं आणि मी तीच ओळ कापली. का? कारण ती कापली तर त्या वर्षी कोणाचंच काही बिघडणार नव्हतं.

त्यांचा निरोप समारंभ छान झाला, शाल-श्रीफळ झालं. पुढच्या मार्चअखेरीला हप्त्यांचा हिशेब अडकला आणि तीन दिवस आम्हाला चूक सापडेना. शेवटी त्यांनाच फोन केला. ते बिचारे गावाकडून आले आणि दुपारपर्यंत सगळं सुरळीत करून दिलं. पण ग्राहकाचा विश्वास गेला होता. पुढच्या टप्प्याचं काम त्याने दुसऱ्याला दिलं. माझ्या टीममधले अकरा जण बेंचवर आले, म्हणजे पगार चालू पण काम नाही. त्यातल्या चौघांना पुढे कंपनी सोडावी लागली. त्यांना ते सांगायला मीच बसले होते. एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी एक ओळ कापली होती.

ही चूक जगात सगळीकडे होते. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकेत लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. न्यू जर्सी राज्याची बेकारी भत्त्याची यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी. तेव्हा तिथल्या गव्हर्नरांना, फिल मर्फी यांना, पत्रकार परिषदेत जाहीर आवाहन करावं लागलं की कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं. ते ऐकून मला माझा मार्च आठवला.

आणि नियोजन म्हणजे भरपूर माणसं घेऊन ठेवणं, असंही नाही. २०२१-२२ मध्ये आमच्या क्षेत्रात काम इतकं आलं की एकट्या टीसीएसने त्या वर्षात १ लाख नवे पदवीधर घेतले. लोक नोकऱ्याही तितक्याच भराभर बदलत होते. जून २०२२ मध्ये इन्फोसिसमधलं सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण २८ टक्क्यांच्या वर होतं. मग परदेशातून येणारं काम मंदावलं आणि मार्च २०२४ अखेर टीसीएसची कर्मचारी संख्या वर्षभरात १३ हजारांहून अधिक घटली. मोठ्या कंपन्यांनाही अंदाज अचूक येत नाही. म्हणून योजना एकदा करून कपाटात ठेवायची नसते. दर तीन महिन्यांनी ती काढून बघायची असते.

आता शेवटचं, आणि थोडं आगाऊपणाचं. आज आपण शाळेसाठी नवी संगणक खोली बांधायचं ठरवतोय. निधी जमतोय, छान आहे. पण मघाशी जुनी खोली पाहिली. संगणक आहेत, त्यांवर कापडी कव्हरं आहेत, दाराला कुलूप आहे. शिकवणारं कोणी नाही. पटसंख्येवरून संचमान्यतेत पदं किती ते ठरतं, हे सरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते आपल्या हातात नाही. पण आपल्या बॅचमध्ये संगणकावर पोट असलेले किमान दहा जण आज इथे बसलेत, ते तर हातात आहे?

माझी सूचना एवढीच. खोलीच्या आराखड्याच्या आधी एक कागद करू. पहिल्या वर्षी दर शनिवारी कोण शिकवणार, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन, त्याची नावं. आणि प्रत्येक नावापुढे दुसरं नाव, शाळेतल्या एका शिक्षकाचं किंवा शिक्षिकेचं, जे शेजारी बसून शिकतील. दोन वर्षांनी आपला उत्साह ओसरेल, आपल्या बदल्या होतील, कोणी परदेशी जाईल. तेव्हा कुलूप पुन्हा लागता कामा नये. पहिलं नाव माझं लिहा.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तीस वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज देते. पुढच्या डिसेंबरात मी इथेच असेन, आणि माझ्या शेजारी कोणीतरी असेल.