ओढ आणि वेग
ओझे ओढणाऱ्या पिकअप गाडीच्या क्राऊन-पिनियनविषयी चार शब्द

(ज्ञातिसंमेलनाच्या निमित्ताने रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात विद्या, विवाह आणि शिष्यवृत्ती या विषयांवर नेहमीच अधिकारी व्यक्तींची भाषणे होतात. आज आम्हांस मात्र काळ्या तेलाने हात माखणाऱ्या विषयावर बोलण्याची अनुज्ञा मिळाली आहे, याबद्दल आम्ही चालकमंडळाचे ऋणी आहोत. विषय वरवर क्षुद्र वाटेल. परंतु आपल्यांतील किती तरी घरांची चूल आज एका पिकअप गाडीच्या चाकांवर चालते. गाडी कर्जाची, हप्ता महिन्याचा आणि रस्ता कोकणातला. तेव्हा गाडीच्या पोटातील दोन दातेरी चक्रांचा विचार हा घरच्या जमाखर्चाचाच विचार होय.

आपल्या जिल्ह्यात पिकअप गाडी केवळ पाठीवर माल वाहत नाही. ती मागे जोडलेले ओझेही ओढते. चिऱ्याच्या बांधकामावर काँक्रीट मिक्सर न्यावयाचा, खडक फोडण्यासाठी कॉम्प्रेसर न्यावयाचा, मंगलकार्याला जनरेटर पोहोचवावयाचा, पावसाळ्यापूर्वी लहान होडी किनाऱ्यावरून वर घ्यावयाची, किंवा घाटात बंद पडलेली दुसरी गाडी टोचन करून आणावयाची, ही कामे तिच्याकडेच येतात. हातखंब्याहून पाली, नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढताना मागे असे ओझे असले, की गाडीचा दम जातो, क्लच प्लेटीचा जळका वास येतो, आणि चालक गॅरेजात जाऊन म्हणतो, "गाडी ओढत नाही." तेथे त्याला सल्ला मिळतो : "क्राऊन-पिनियन बदला." हा सल्ला केव्हा हिताचा आणि केव्हा अहिताचा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम मूळ गोष्ट ध्यानी घेऊ. इंजिनापासून निघालेला फेरा गिअरबॉक्समधून व लांब दांड्यावरून मागील आसाकडे येतो. तेथे लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवितो. पिनियनला १० दाते व क्राऊनला ४१ दाते असतील, तर चाकाचा एक फेरा होण्यास दांड्याचे ४.१० फेरे व्हावे लागतात. पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दाते असतील, तर ४.८८ फेरे लागतात. हा आकडा जितका मोठा, तितका चाकावरील पीळ अधिक आणि वेग कमी. विहिरीवरील रहाटाचा हातदांडा लांब घेतला तर पोहरा हलका वाटतो, पण हात अधिक फिरवावा लागतो. तोच हा न्याय. येथे इंजिनाची शक्ती तिळभरही वाढत नाही. मिळकत तेवढीच; ती ओढीवर खर्च करावयाची की वेगावर, एवढाच प्रश्न आहे.

ही युक्ती नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपचा हा आकडा ४.८८ होता. १९४५ मध्ये त्याच कंपनीने शेतीच्या व नागरी कामासाठी जीप काढली, तेव्हा इंजिन त्याच जातीचे ठेवून हा आकडा ५.३८ केला, म्हणजे ८ दात्यांच्या पिनियनवर ३९ ऐवजी ४३ दात्यांचा क्राऊन आला. आपल्या आगगाडीचाही दाखला घेण्याजोगा आहे. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण होण्यापूर्वी या मार्गावर जी डिझेल इंजिने धावली, त्यांत डब्ल्यूडीएम-३ए आणि डब्ल्यूडीजी-३ए हे दोन प्रकार होते. दोहोंची शक्ती ३,१०० अश्वशक्ती. परंतु पहिल्याच्या दात्यांचे प्रमाण १८ ला ६५, तर मालगाडीसाठी घडविलेल्या दुसऱ्याचे १८ ला ७४. दुसऱ्याची ओढ अधिक, आणि वेगाची कमाल मर्यादा कमी. शक्ती तीच असता कामानुसार दाते बदलावे, हे तत्त्व रेल्वेनेही मानले आहे.

आता हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे घालून हाच हिशेब करावा. गाडी, माल व मागील मिक्सर मिळून ४,००० किलो वजन आहे आणि चढ १५ ला १ आहे असे समजू. त्या चढावर केवळ वजन वर नेण्यास सुमारे २६७ किलोंची ओढ लागेल. रस्त्यावर चाक लोटण्यासाठी आणखी ६० किलो धरले, तर एकूण ३२७. इंजिनाचा पीळ २० किलोग्रॅम-मीटर, तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.४, चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, आणि दात्यांच्या घर्षणात शेकडा १५ चा व्यय धरला, तर ४.१० च्या क्राऊनवर सुमारे २७९ किलोंची ओढ मिळते. ती पुरत नाही. चालकास दुसऱ्या गिअरवर यावे लागते. ४.८८ चा क्राऊन घातला, तर तीच ओढ सुमारे ३३१ होते; म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी जेमतेम निभावते. ओढीतील वाढ शेकडा १९ होय.

पण याच चोपडीचे दुसरे पान उलटले पाहिजे. सपाट रस्त्यावर, प्रमाण सरळ एकास एक असलेल्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना ४.१० वर इंजिन मिनिटास सुमारे १,८६० फेरे करते, ४.८८ वर तेच सुमारे २,२१५ होतात. डिझेल अधिक, आवाज अधिक, झीज अधिक. म्हणून ज्याची गाडी आंब्याच्या हंगामात पेट्या भरून वाशीच्या बाजारपेठेत जाते, तीन-साडेतीनशे किलोमीटर महामार्गाने धावते आणि रिकामी परत येते, त्याने या भानगडीत पडू नये. घाटाचा चढ त्याच्या वाटेवर थोडा. तेथे एक गिअर खाली घ्यावा, म्हणजे झाले. उलट, ज्याची गाडी वर्षभर तालुक्याच्या वाड्यावस्त्यांत मिक्सर किंवा कॉम्प्रेसर ओढते आणि वेगाची चैन जिला कधी मिळतच नाही, त्याला हा बदल क्लचचे आयुष्य वाढवून देईल. कारण क्लच जळतो तो मुख्यतः जड ओझे जागेवरून उचलताना.

बदल करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, चाके. शोभेसाठी मोठे टायर घातले असतील, तर त्रिज्या ०.३५ ची ०.३८ होताच ४.१० चा क्राऊन ३.७८ असल्याप्रमाणे वागू लागतो. अशा वेळी कंपनीच्या मापाचे टायर परत घालणे हाच स्वस्त उपाय. दुसरी गोष्ट, गाडीचा मूळ दोष. हवेची जाळी तुंबलेली, डिझेलचा फिल्टर भरलेला, ब्रेक घासत असलेले, असे असेल तर क्राऊन बदलणे म्हणजे तापाच्या रोग्यास नवा अंगरखा शिवणे होय. तिसरी, सध्याचे प्रमाण खरोखर काय आहे ते. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक सोडावा आणि मागील एकच चाक जॅकवर उचलून खाली भक्कम आधार द्यावा. ते चाक दोन फेरे फिरविले की क्राऊनचा एक फेरा होतो. तेवढ्यात लांब दांडा किती फेरे फिरला ते मोजावे. तोच आपला आकडा. जुनी गाडी घेणाऱ्याने ही परीक्षा अवश्य करावी, कारण आधीच्या मालकाने काय घातले आहे ते कागदावर दिसत नाही.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सांगतो. क्राऊन व पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली जोडी असते. एकीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन असा विजोड संसार मांडू नये. दात्यांतील मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांच्या हिशेबाने, पातळ शिम घालून-काढून, गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे जुळवावी लागते. नंतर दात्यांना रंग लावून ठसा मध्यभागी उमटतो की नाही ते पाहावे लागते. हे काम अंदाजाने केले, तर गाडी काही दिवसांतच हुंकारू लागते आणि महागडी जोडी भंगारात जाते. चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल, तर पुढील व मागील दोन्ही आसांचे प्रमाण एकच ठेवावे. नाही तर चारही चाके जोडताच सारी यंत्रणा आपापसांत झगडू लागते. नवी जोडी बसविल्यावर पहिले काही शे किलोमीटर मागे ओझे लावू नये, गाडी मधूनमधून थांबवून थंड होऊ द्यावी, आणि त्यानंतर तेल बदलावे. ज्या गाड्यांत वेगमापक गिअरबॉक्समधून चालतो, त्यांत तो खोटा आकडा दाखवू लागतो. तो दुरुस्त करून घ्यावा. अलीकडील गाड्यांत इंजिनाचा संगणक या आकड्यांवर विसंबतो, म्हणून तेथे अधिकृत जाणकाराखेरीज हात घालू नये. तद्वतच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांवर मर्यादा घालते. म्हणून परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे आधी विचारावे आणि मगच पाना हाती घ्यावा.

आता अखेरचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. क्राऊन बदलल्याने गाडीची ओढ वाढते. गाडीची योग्यता वाढत नाही. पाटे, चेसीस, आस, टायर आणि ब्रेक होते तेच राहतात. पूर्वी चढावर जे ओझे ओढले जात नव्हते, तेच ओझे आता वर जाऊ लागले, म्हणून आणखी अर्धा टन चढविण्याचा मोह होतो. परंतु जे वर गेले ते खालीही आणावयाचे असते. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरताना मागील ओझे गाडीला ढकलते; ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरेनासे होतात. मोठ्या प्रमाणाचा क्राऊन उतारावर इंजिनाचा अटकाव वाढवितो, हा त्याचा खरा लाभ आहे. पण तो गाडी गिअरमध्ये असेल तरच. चार पैशांचे डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलवर घाट उतरण्याची जी खोड आपल्या तरुणांत शिरली आहे, ती ज्या घरात असेल त्या घरातील वडीलधाऱ्यांनी आजच मोडावी. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. मागील ओझ्यास शक्य तेथे स्वतंत्र ब्रेक असावा. आणि जोडणीच्या खिळीबरोबर सुरक्षेची साखळी असल्यावाचून गाडी हलवू नये.

पूर्वी घाट चढताना बैलगाडीला जादा बैल जोडीत. बोरघाटात ३७ ला १ असा चढ असल्याने आजही आगगाडीस मागून जादा इंजिने लावावी लागतात. कोकण रेल्वेने मात्र बोगदे खणून व पूल बांधून चढ १५० ला १ इतका सौम्य केला. ओझे न्यावयाचे तर तीनच मार्ग आहेत : ओढ वाढवा, चढ कमी करा, किंवा ओझे कमी करा. चढ आपल्या हाती नाही. ओढ दाते बदलून थोडी वाढेल. परंतु तिसरा मार्ग, म्हणजे एका खेपेच्या दोन खेपा करण्याचा, प्रत्येकाच्या हाती आहे आणि त्याला खर्चही सर्वांत थोडा.

गाडी घेणाऱ्या तरुणांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा, ज्यांना तो येत नसेल त्यांना इतरांनी करून द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.