लांबून टोचलेली सुई

येरवड्यात जनावरांवर उपचार करताना एक प्रश्न हल्ली हमखास कानावर येतो. गुंजन चौकाच्या आसपास किंवा नदीकडच्या मोकळ्या जागेत कचरापेटीशी गाय उभी असते. अंगावर गाठी, पायाला जखम, जखमेत अळ्या. तरुण मुलं कळकळीनं फोन करतात, मी पोचेपर्यंत तिथंच थांबतात, आणि मी कासरा बाहेर काढला की म्हणतात, "डॉक्टर, ती बंदूक असते ना, तिनं लांबूनच इंजेक्शन मारा की! कशाला तिला धरून छळायचं?" मुलांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

ही डार्टची बंदूक न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी 1950च्या दशकात बनवली. रानशेळ्या, हरणं अशी हाती न लागणारी जनावरं तपासता यावीत, हा त्यांचा उद्देश होता. डार्ट म्हणजे उडणारी सिरिंज. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा, मधे रबरी दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं, छिद्र असतं बाजूला आणि त्यावर सिलिकॉनची छोटी टोपी चढवलेली असते. सुई कातड्यात घुसली की टोपी मागं सरकते, छिद्र उघडतं आणि हवेच्या दाबानं औषध क्षणात मांसात उतरतं. शेपटाला रंगीत गोंडा असतो, डार्ट सरळ जावा म्हणून. जवळच्या पल्ल्याला बंदूकही लागत नाही, लांब फुंकनळी पुरते. तिचा मार हलका असतो, त्यामुळे प्राणिसंग्रहालयांत तिच्यावर बरीच भिस्त असते.

अमेरिकेत मैलोन् मैल पसरलेल्या कुरणांवर मांसासाठी पाळलेली जनावरं असतात. तिथं आजारी वासराला गाडीतूनच प्रतिजैविकाचा डार्ट मारायची पद्धत पडली आहे. पण तिथलेही जाणकार बजावतात, की जनावर धरता येत असेल तर आधी धरा. नेम मानेवरच हवा. सुई मोडून मांसात राहू शकते आणि औषध पूर्ण गेलं की नाही, याची खात्री नसते.

आता आपल्या गल्लीतल्या गायीचा हिशोब करू. समजा तिचं वजन 300 किलो आहे. तेही डोळ्यांनी अंदाज करून, कारण छातीला फीत लावायची तर जवळ जावंच लागणार. दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लीन द्यायचं, तर नेहमीच्या मात्रेनं 30 मिलिलिटर लागतं. एका जागी 10 मिलिलिटरपेक्षा जास्त टोचायचं नसतं आणि डार्टमध्येही साधारण तेवढंच मावतं. म्हणजे तीन डार्ट. पहिला बसला की गाय उधळणार, आणि आपल्याकडे ती उधळून जाणार कुठं? थेट नगर रस्त्यावर. शिवाय जखमेतल्या अळ्या जागच्या जागीच. त्या चिमट्यानं काढाव्या लागतात, जखम धुवावी लागते, मलम भरावं लागतं. हे काम कुठल्याही बंदुकीला जमत नाही.

2022मध्ये गायींमध्ये लम्पी या त्वचारोगाची साथ आली, तेव्हाही ही बंदूक कामाची नव्हती. त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना दिली. 1 मिलिलिटर, तीही कातडीखाली. मानेची कातडी चिमटीत उचलायची आणि त्या घडीत सुई सरकवायची. डार्ट औषध सोडतो ते मांसात. राज्यात तेव्हा 1 कोटी 39 लाखांच्या आसपास गोवंश होता. लस टोचणाऱ्यांनी गोठ्यागोठ्यांत जाऊन, जनावर धरून ती टोचली. लाथा खाल्ल्या, शिंगांचे फटके खाल्ले. त्या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे.

भुलीचा डार्ट तर आणखी जोखमीचा. झायलाझिन हे नेहमीचं औषध घोड्याला जेवढं लागतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात गायीला पुरतं. अंदाज चुकला की श्वास मंदावतो. भूल चढलेली गाय कुशीवर आडवी पडली, तर पोट फुगतं, पोटातला चारा घशात येतो आणि फुफ्फुसात उतरतो. तिला छातीवर बसतं ठेवायचं आणि मान अशी धरायची की तोंडातलं बाहेर वाहून जाईल. शेवटच्या महिन्यांतली गाभण गाय असेल, तर गर्भ पडण्याची भीती. रस्त्यावरची गाय गाभण आहे का, हे लांबून कोण सांगणार?

पुणेकरांना 9 डिसेंबर 2020 हा दिवस आठवत असेल. कोथरूडच्या महात्मा सोसायटीत रानगवा शिरला. लोक गच्च्यांवर, रस्त्यावर, हातात मोबाइल. बिचारा वाट शोधत धावत राहिला, भिंतींना, फाटकांना धडकला, तोंडातून रक्त आलं. शेवटी डार्ट मारून त्याला पकडलं आणि थोड्याच वेळात तो गेला. जनावर जिवाच्या आकांतानं धावतं तेव्हा त्याच्या अंगातली उष्णता भडकते, स्नायू आतून खराब होतात, रक्तात आम्ल वाढतं. अशा शरीराला भूल पेलणं फार अवघड असतं. पुढं दोनच आठवड्यांत बावधनला दुसरा गवा आला. तेव्हा लोकांना दूर ठेवलं आणि त्याला रानाकडे परत जाऊ दिलं. आणि हेही सांगतो, 2011च्या जानेवारीत मध्य प्रदेशात कान्हाहून बांधवगडला 19 गवे नेले, ते डार्टनंच बेशुद्ध करून. पण तिथं बघ्यांची गर्दी नव्हती. डोळ्यांवर पट्टी, भूल उतरवणारं औषध, उचलायला माणसं, सगळं आधीपासून तयार होतं.

मग गायीला डार्ट कधीच नको का? हवा. एक प्रसंग तर असा, की हात लावणंच धोक्याचं. गाय सारखी हंबरते, लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, अंगावर येते. लोकांना वाटतं घशात काही अडकलंय, आणि कुणीतरी तिच्या तोंडात हात घालतो. कृपा करून असं करू नका. तो रेबीज असू शकतो. अशा वेळी भुलीचा डार्टच योग्य, आणि हात घातलाच गेला असेल, तर साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पण कुत्रा नुकताच चावला असेल आणि गाय अजून शांत असेल, तर गोष्ट अगदी वेगळी. तिचीही जखम तशीच पंधरा मिनिटं धुवायची, हातात मोजे घालून. मग 0, 3, 7, 14 आणि 28व्या दिवशी लस. पाच वेळा तीच गाय सापडायला हवी, म्हणजे तिला दाव्याला बांधून ठेवणारा मालक सापडायला हवा. आपल्याकडच्या पुष्कळ मोकाट गायींना मालक असतो. सकाळी धार काढून सोडलेली गाय असते ती. परस्पर प्रतिजैविक टोचलं आणि मालकाला पत्ताच नाही, तर संध्याकाळी ते दूध कुणाच्या तरी घरी लहान मुलाच्या पेल्यात जाणार. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत दूध विकायचं नाही, हे त्याला सांगायचं, तर आधी तो कोण हे कळायला हवं.

म्हणून आजारी गाय दिसली तर गर्दी करू नका, तिच्यामागं धावू नका. सावलीत पाण्याची बादली ठेवा. रस्त्याच्या बाजूला दोघंजण शांतपणे उभे राहा. तिच्या कानात पिवळा बिल्ला असेल, तर त्यावर बारा आकडी क्रमांक असतो, आणि त्यावरून मालकाचा माग लागू शकतो. तो वाचा, नाहीतर मोबाइलवर लांबून फोटो काढून मोठा करून बघा. पशुसंवर्धन खात्याच्या 1962 या निःशुल्क क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्याला फोन कराल, तेव्हा गाय कुठं आहे ते सांगून लगेच बिल्ल्यावरचा क्रमांक सांगा.