तोंड आले म्हणून सोडू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी एका दुखण्याविषयी चार शब्द बोलणार आहे. त्याचे नाव पेम्फिगस. नाव परके असले तरी दुखणे आपल्याकडे आहे. रोगजंतूंशी लढणारी आपल्या शरीरातली शक्तीच यात उलटते आणि कातडीच्या पेशींना जोडणारे सांधे तोडते. कुंपणच शेत खाते म्हणा ना! मग अंगावर पातळ फोड येतात, फुटतात व कातडी सोलल्यासारखी होते.

आरंभ पुष्कळदा तोंडातून होतो. आपण म्हणतो उष्णता झाली, आणि सब्जा, गुलकंद घेत बसतो. पण तोंडातल्या जखमा दोन-तीन आठवड्यांत भरल्या नाहीत, तर आपल्या घाटी दवाखान्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवावे. कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासला की निदान होते.

देशोदेशी या दुखण्याची तऱ्हा निराळी. युरोपात ते बहुधा उतारवयात होते. आपल्याकडे त्यामानाने लवकर, ऐन संसाराच्या वयात गाठते. ब्राझीलच्या खेड्यांत याचाच एक प्रकार आढळतो. त्यात तोंड येत नाही, आणि त्याचा संबंध माश्यांच्या चावण्याशी असावा असे तज्ज्ञ मानतात.

पूर्वी यातून बहुतेक रोगी दगावत. १९५० नंतर स्टिरॉइड आले आणि पुष्कळांचे प्राण वाचू लागले. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पसरिचा यांनी १९८२च्या सुमारास नवी रीत काढली : दर २८ दिवसांनी सलग ३ दिवस सलाइनमधून औषध. ती देशभर पसरली. आता रिटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शनही आहे. अंग चिकटू नये म्हणून रोग्याला निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांवर निजवण्याचीही आपल्याकडे रीत आहे.

भगिनींनो, हे दुखणे स्पर्शाने लागत नाही. तो देवीचा कोप नव्हे, नागीणही नव्हे. तेव्हा घरातल्या बाईचे ताट-अंथरूण वेगळे करू नका. तिला तिखट नको; मऊ वरणभात द्या, आणि दवाखान्याची तारीख आली की सोबत जा.

औषधाने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून तपासण्या चुकवू नयेत. मूल हवे असेल तर उपचाराआधीच डॉक्टरांना सांगावे, कारण काही औषधे त्याच्या आड येतात. पण फोड सुकले, घरात लग्न निघाले, म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. स्टिरॉइड एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते.

घरातल्या सगळ्यांची दुखणी आपण काढतो. आपले स्वतःचे तोंड महिनाभर आलेले असले, तर तेही दुखणेच समजावे, एवढीच माझी विनंती आहे.