वाचनालयाचे वय



बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. २०२३ साली त्याला १७५ वर्षे पूर्ण झाली. रत्नागिरीस १८२८ मध्ये, पुण्यास १८४८ मध्ये आणि कोल्हापुरास १८५० मध्ये अशीच वाचनालये निघाली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे बेळगावचे वाचनालय त्याहूनही नऊ वर्षांनी वडील होय.

त्या काळी वाचावयास होते तरी काय? लोकहितवादींची शतपत्रे 'प्रभाकर' पत्रात येऊ लागली ती त्याच १८४८ साली. कादंबरी मराठीत अद्याप अवतरली नव्हती. पहिली मराठी कादंबरी मानले जाणारे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याचे कर्ते बाबा पदमनजी १८३१ साली जन्मले ते बेळगावातच. म्हणजे आमच्या गावात कपाट आधी आले आणि कादंबरी मागाहून आली! पुस्तके मूठभर असताना वाचनालय काढणाऱ्या त्या माणसांचा विश्वास केवढा असला पाहिजे!

आज स्थिती नेमकी उलट झाली आहे. पुस्तके उदंड आहेत. वाचकाची वाट पाहावी लागते.

मी हे टिळकवाडीकरांना उद्देशून विशेष आस्थेने बोलत आहे. लोकमान्यांचे नाव धारण करणारी आणि रेल्वे गेटांच्या खुणांनी पत्ते सांगणारी ही वस्ती वाचनाला परकी नाही. १९२४ साली महात्माजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची स्मृती जपणारी विहीर येथे आहे. येथल्याच राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. देशपांडे यांनी अध्यापन केले. १९२९, १९४६ आणि २००० अशी तीन मराठी साहित्य संमेलने बेळगावात भरली. परंतु संमेलनाचा मांडव चार दिवसांत उतरतो. त्यानंतर वर्षभर भाषेचा संसार चालवावयाचा तो वाचनालयाने.

आमच्या मुलांच्या कानी घरात मराठी, बाजारात कानडी आणि शाळेत पुष्कळदा इंग्रजी पडते. तीन भाषा येणे हे भाग्यच आहे. त्याबद्दल तक्रार कशाला करावी? मात्र जी भाषा केवळ बोलली जाते आणि वाचली जात नाही, ती हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरते. आजीशी बोलण्याइतके मराठी येणारा मुलगा पुढे आजीचे पत्र वाचू शकेल काय, हा येथे खरा प्रश्न आहे.

मध्यंतरी एका लहानशा वाचनालयातून मी एक प्रवासवर्णन घरी आणले. मागील पानावर तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी होती. प्रथम शिक्क्यांची नुसती दाटी. महिन्यातून दोनदोन, तीनतीन. पुढे ते विरळ होत गेले. शेवटचा शिक्का आणि माझा शिक्का यांत अकरा वर्षांचे अंतर होते. पुस्तक तेच होते, पाने शाबूत होती. पण अकरा वर्षे ते कोणाशी बोलले नव्हते. त्या दिवशी मला उमगले की, वाचनालयाचे खरे वय स्थापनेच्या पाटीवर नसून त्या चिठ्ठीवर असते.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे सांगितली. त्यांतील पहिल्याचा आशय इतकाच की, ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. पाचव्यात त्यांनी ग्रंथालयाला वाढत्या जिवाची उपमा दिली आहे. जीव वाढतो तो अन्नावर; आणि वाचनालयाचे अन्न म्हणजे देवघेव.

म्हणून वर्धापनदिनी हारतुरे व्हावेत, भाषणे व्हावीत. त्यांना माझा विरोध नाही. पण प्रत्येक सभासदाने त्या वर्षी दोन गोष्टी कराव्यात. वर्षानुवर्षे शिक्का न पडलेले एखादे पुस्तक शोधून घरी न्यावे. आणि पुढच्या खेपेस जाताना घरातील किंवा शेजारचे एक मूल हाताला धरून न्यावे. पुस्तक मात्र त्याचे त्याला निवडू द्यावे! ते चित्रांचे निघाले किंवा भुतांच्या गोष्टींचे निघाले, तरी कपाळाला आठ्या घालू नयेत. गोडी लागली की पुढची वाट ते आपली आपण शोधील.

पूर्वजांनी पुस्तकांची वाट पाहत कपाटे उभी केली. त्या कपाटांना वाचक मिळवून देणे, एवढेच काम त्यांनी आपल्याकडे सोपविले आहे. ते फार अवघड नाही. संध्याकाळी पायांत चपला घालून घराबाहेर पडण्याइतकेच आहे.