इंजिनाचे तेल आणि वैशाखाचे ऊन



व्याख्यानमालेत इंजिनाच्या तेलावर काय बोलायचे, असे कोणाला वाटेल. परंतु मुळशीतली कितीतरी घरे आज टेम्पो, रिक्षा आणि मालमोटारी यांवर चालतात. ज्यावर भाकरी अवलंबून, तो विषय आम्ही कामगार चळवळीतली माणसे हलका मानीत नाही.

पौड-पिरंगुटाकडे एक समज रूढ आहे : ऊन कडक, तेव्हा तेल जितके दाट तितके बरे. हा समज तपासून पाहू.

डब्यावर '१५डब्ल्यू-४०' असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती राहतो ते दाखवतो. १०० अंशच का? चालू इंजिनातले तेल साधारण तितकेच तापते म्हणून. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट उष्णता आवरून धरतो. बाहेर पौषातले १० अंश असोत की वैशाखातले ४०, तापलेल्या इंजिनाच्या पोटात फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो ओझ्याने. भरलेली गाडी ताम्हिणीचा घाट चढते, किंवा हवेने थंड होणारे इंजिन गर्दीत रखडते, तेव्हा तेल जास्त तापते, पातळ होते आणि धातूला धातू घासण्याचा धोका येतो. उलट, वाजवीपेक्षा दाट तेल सकाळी वरपर्यंत उशिरा पोचते आणि पंपाची शक्ती व डिझेल फुकट घालवते. म्हणून गाडीच्या पुस्तकातला तक्ता पाहावा. त्यात आपल्या हवामानाला दोन ग्रेड चालत असतील, तर घाटात ओझे नेणाराने त्यांतला दाट घ्यावा. तक्त्याबाहेर जाऊ नये. आणि तेलाची पातळी रोज पट्टीने पाहावी. तेलच कमी असेल तर ग्रेड काय करणार?

आता मुद्द्याचे. आमच्याकडे एक ड्रायव्हर आला. घाटात इंजिन जाम झाले, आणि मालकाने दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून कापायला घेतला. तेल सुटे होते, मालकानेच आणलेले. आम्ही तेलाचे बिल मागितले, ते निघाले नाही. पण ड्रायव्हरजवळही लेखी कागद नव्हता, म्हणून भांडण महिनोन्महिने लांबले.

१९३६ च्या वेतन कायद्याने तत्त्व घालून दिले, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे : नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणाने झाले असेल तरच, आणि त्याचे म्हणणे मांडायला संधी दिल्यावरच, पगार कापता येतो. परंतु म्हणणे मांडायला पुरावा लागतो.

म्हणून ड्रायव्हर बंधूंना आमची विनंती आहे. एक वही ठेवा. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि तेल कोणी आणले, एवढे लिहा. मालकांना मागणी आहे : पुस्तकातला तेलाचा तक्ता मराठीत लिहून गाडीत लावा. याला खर्च एका कागदाचा आहे, आणि त्यात इंजिन व पगार दोन्ही वाचतील.