डॉक्टर भाऊ दाजी यांचा दुसरा व्यासंग

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉक्टर भाऊ दाजी, हे एक होते. शहरांत त्यांचा जम चांगला बसला. गरिबांकडून ते पैसे घेत नसत. एवढ्यावरच चरित्र संपतें, तरी तें कमी प्रतीचें ठरलें नसतें. पण या गृहस्थांस जुने शिलालेख, नाणीं आणि हस्तलिखितें यांचाही नाद होता.

नाद म्हटलें कीं फुरसतीची करमणूक डोळ्यांपुढें येते. भाऊंचें तसें नव्हतें. अजिंठ्याचे आणि जुनागडचे लेख त्यांनीं नव्यानें वाचून प्रसिद्ध केले. रोगी स्वतः पाहिल्यावांचून औषध देण्यास चांगला वैद्य कचरतो. मूळ लेख वा ग्रंथ पाहिल्यावांचून मत देण्यास भाऊ तसेच कचरत.

ज्योतिषी आर्यभटाचेंच पाहावें. नांव सर्वतोमुखीं, परंतु त्याच्या ग्रंथांविषयीं आणि काळाविषयीं विद्वानांत घोटाळा होता. भाऊंनीं हस्तलिखितें मिळविलीं आणि १८६५ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत निबंध छापला. कलियुगाचीं ३६०० वर्षें लोटलीं तेव्हां आपण तेवीस वर्षांचे होतों, असें आर्यभटानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. कलीचा आरंभ इसवी सनापूर्वीं ३१०२ हा धरला, म्हणजे तें वर्ष ४९९ येतें. (वजाबाकी ४९८ दाखविते खरी, पण सनांच्या मोजणींत शून्य वर्ष नाहीं, म्हणून एक मिळवावा लागतो. येथें पुष्कळ जण चुकतात.) म्हणून जन्म ४७६ चा. याच नांवाचा दुसरा आर्यभट पुढें होऊन गेला, हेंही भाऊंनीं दाखविलें. आज शाळेंतली मुलें ४७६ हा आंकडा घोकतात. त्यामागें दवाखान्यांतून काढलेला वेळ आहे, हें त्यांस कोणी सांगत नाहीं.

वेळेबरोबर पैसाही गेला. जुनागडचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी यांस त्यांनीं पदरीं ठेवून लेखांचे ठसे आणण्यास दूरदूर पाठविलें. १८६५ मध्यें मुंबईचा शेअरबाजार कोसळला, त्याची झळ भाऊंसही लागली. तरी भगवानलालांचा प्रवास थांबला नाहीं. पुढें पक्षाघातानें भाऊंस गांठलें आणि १८७४ च्या मे महिन्यांत ते वारले. स्वतःचा असा मोठा ग्रंथ त्यांनीं लिहिला नाहीं. विखुरलेले निबंध १८८८ सालीं कलकत्त्यास एकत्र छापले गेले, एवढेंच. ही हानि आहे, आणि ती झांकण्यांत अर्थ नाहीं. रोगी आणि शिलालेख, दोघांचीही हांक एकाच माणसास ओ देववत नाहीं.

पण भगवानलाल मागें राहिले. १८६९ सालीं मथुरेंत त्यांस खरोष्ठी अक्षरांनीं भरलेलें एक सिंहशीर्ष सांपडलें होतें. हल्लीं तें ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. मथुरेंत तें एका देवीच्या ओट्याच्या पायऱ्यांत चिणलेलें होतें. देवी कोणती, तर शीतला. जिच्यापुढें लोक देवी आलेलीं मुलें घेऊन जात, ती.