सुरी खाली ठेवायला शिकवताना



"तू हल्ली नेमकं करतोस काय?" असं कालपासून अनेकांनी विचारलं. थोडक्यात सांगतो. मी हाडांचा सर्जन आहे, आणि गावोगावच्या सर्जनना मोठं ऑपरेशन टाळायला शिकवतो.

काही बाळं पाऊल आत मुरडलेलं घेऊनच जन्मतात. याला क्लबफूट म्हणतात. साधारण 800 ते 1000 बाळांमागे एक. आपल्याकडे याचं खापर आईने पाळलं नाही म्हणून ग्रहणावर, म्हणजे शेवटी आईवरच फुटतं. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

मी शिकलो तेव्हा आम्ही मोठी चीर देऊन सांधे मोकळे करायचो. टेबलावर पाऊल सरळ दिसलं की खूश. त्यातली काही मुलं पुढे मोठी होऊन परत आली. पावलं ताठ, दुखरी. एक जण म्हणाला, "डॉक्टर, पाय सरळ आहे, पण फार वेळ उभं राहवत नाही." ते ऑपरेशन माझंच होतं.

दुसरी वाट तेव्हाही होती. मूळचे स्पेनचे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी अमेरिकेत आयोवाला 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून ती वापरत होते. 1963 साली त्यांनी निबंधही छापला. पण जगाने मनावर घ्यायला आणखी तीसेक वर्षं गेली. दर आठवड्याला पाऊल हाताने अलगद फिरवायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळणावर येतं. बहुतेकांची टाचेमागची शीर एका बारीकशा छेदातून सोडवावी लागते, मग तीन आठवडे शेवटचं प्लास्टर.

ऐकायला सोपं आहे. शिकवायला नाही. अंगठा घोट्यापुढच्या नेमक्या हाडावर टेकवावा लागतो. तो थोडा बाहेर सरकला की सगळी मेहनत वाया. हे स्लाइड दाखवून कळत नाही. पाचवीत बाई आपल्या हातावर हात ठेवून एबीसीडी गिरवून घ्यायच्या, आठवतं? मी तेच करतो. आधी प्लास्टिकच्या पावलावर, मग बाळाच्या. ज्येष्ठ सर्जनांना हे जास्त जड जातं. वीस वर्षं ज्या कौशल्याचा अभिमान बाळगला, ते बाजूला ठेवायचं असतं. मी त्यांना आधी माझ्या त्या रुग्णाची गोष्ट सांगतो.

पण खरी कसोटी पुढे असते. बाळाला पट्टीला जोडलेले बूट तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालावे लागतात. बाळ रडतं, आजी म्हणते, "काढ गं, बरा झालाय पाय." बूट सुटले की पाऊल पुन्हा मुरडतं. म्हणून आईशी, आजीशी बोलायलाही मी डॉक्टरांना शिकवतो.

आपल्यापैकी कुणी शिक्षक आहे, कुणी सरपंच, कुणी आजी-आजोबा झालेत. असं बाळ दिसलं तर "मोठं झाल्यावर बघू" म्हणू नका. पहिल्या काही आठवड्यांतच दवाखान्यात पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या आजाराचा समावेश आहे. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

बाईंनी माझा हात धरला होता. तो पुढे धरतोय, एवढंच.